ताप तोच, मूल निराळं
(प्रस्तावना)

पावसाळ्याच्या तोंडावर भिवंडी तालुक्यातल्या कुठल्याही दवाखान्याबाहेर पाहिलं तर बाकड्यांवर तापाने कोमेजलेली मुलं दिसतात. अंजूर, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, सगळीकडे हेच. यातली बहुतेक तीन-चार दिवसांत उठून खेळायला लागतात, आणि औषध कोणतं दिलं याने त्यात फारसा फरक पडत नाही. निरोगी तान्ह्या मुलालाही वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी-खोकला-ताप येऊ शकतो. अंगणवाडीत किंवा पाळणाघरात जायला लागलं की त्याहून जास्त. ही शरीराची शिकवणी आहे, तिला आजार म्हणून घाबरायचं कारण नाही. पण याच रांगेत अधूनमधून असं एक मूल बसलेलं असतं, ज्याच्या शरीराला हा धडा गिरवताच येत नाही. ताप तोच, खोकला तोच, औषधाची बाटलीही तीच. फक्त मूल निराळं. ते जन्मतःच प्रतिकारशक्तीतला एखादा दुवा हरवून आलेलं असेल; कुपोषणाने पोखरलेलं असेल; गोवर किंवा एचआयव्हीने त्याची तटबंदी ढासळलेली असेल; किंवा रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधांनी, मूत्रपिंडाच्या विकारासाठी महिनोन्‌महिने दिलेल्या स्टिरॉइडने ती मुद्दाम खाली आणलेली असेल. वैद्यकशास्त्रात या चौघांची खाती वेगळी, तज्ज्ञ वेगळे, परिषदा वेगळ्या. हे पुस्तक चौघांना एकत्र बसवतं. त्याला माझ्या मते भक्कम कारण आहे: गंभीर जंतुसंसर्ग झाला की या चारही मुलांचं भवितव्य एकाच गोष्टीवर ठरतं. हा ताप इतरांसारखा नाही, हे कुणाच्या तरी ध्यानात यायला किती वेळ लागला? प्रतिकारशक्तीचा कोणता विकार किती दुर्मिळ, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम आहे.

हा विषय वैद्यकात उशिरा आला, आणि तो का उशिरा आला हे कळलं की पुढचं बरंचसं उलगडतं. प्रतिकारशक्तीचा विचार प्रथम झाला तो बळकट शरीरांच्या निमित्ताने. देवीचा आजार एकदा होऊन गेलेला माणूस पुन्हा त्यात सापडत नाही, हे आपल्याकडे शतकानुशतकं ठाऊक होतं. जेनरने 1796 साली त्याला लसीचं रूप दिलं आणि 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली यशस्वी लस टोचली गेली. पुढे मेच्निकॉफने जंतू गिळणाऱ्या पेशी दाखवल्या, एर्लिखने रक्तातल्या प्रतिपिंडांचा पक्ष लढवला. दोन्ही पंथांचं भांडण इतकं रंगलं की 1908 चं नोबेल दोघांत वाटून द्यावं लागलं. या साऱ्या काळात दुबळ्या प्रतिकारशक्तीचं मूल कुणालाच दिसलं नाही. दिसणार तरी कसं? ते पहिल्याच न्यूमोनियात जायचं, आणि निरोगी मुलंही न्यूमोनियात जातच होती. प्रतिजैविकं आली तेव्हा कुठे निरोगी मुलं वाचू लागली आणि पुन्हा पुन्हा आजारी पडणारी मुलं वेगळी उठून दिसायला लागली. अमेरिकी लष्करातले बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रुटन यांनी 1952 मध्ये अशाच एका आठ वर्षांच्या मुलाचं रक्त तपासलं, तर त्यात गॅमा ग्लोब्युलिन नावाचा अंशच नव्हता. म्हणजे प्रतिपिंडं बनतच नव्हती. ब्रुटननी ती दुसऱ्यांच्या रक्तातून काढून दर महिन्याला टोचायला सुरुवात केली आणि मुलाचे आजार थांबले. जाता जाता एक योगायोग नोंदवतो: त्याच 1952 मध्ये मुंबईच्या डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’चा शोध जगापुढे मांडला. रक्तगटांच्या त्या कामातून 1957 साली आयसीएमआरचं रक्तगट संदर्भ केंद्र परळला उभं राहिलं, आणि त्याचीच पुढची पिढी असलेली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आज केईएमच्या आवारात जन्मजात प्रतिकारदोषांची तपासणी करते.

ब्रुटननंतर या क्षेत्राची वाट दुभंगली. एक फाटा गेला प्रयोगशाळेकडे. रॉबर्ट गुड यांनी 1968 मध्ये मिनेसोटात, प्रतिकारशक्तीच नसलेल्या एका बाळाला बहिणीची अस्थिमज्जा देऊन वाचवलं. ह्यूस्टनचा डेव्हिड व्हेटर 1971 मध्ये जन्मला आणि बारा वर्षं प्लॅस्टिकच्या निर्जंतुक फुग्यात जगला. त्या ‘बबल बॉय’ने हा आजार घरोघरी पोचवला, पण त्याचबरोबर हे काहीतरी परदेशी, सिनेमातलं असतं असा समजही रुजवला. 1993 मध्ये ब्रुटनच्या आजाराचं जनुक सापडलं, त्यानंतर जनुकांची रीघ लागली. आज असे पाचशेहून अधिक जन्मजात दोष नोंदलेले आहेत. पॅरिसचे कासानोव्हा यांनी तर आणखी पुढे जाऊन मांडलं की एखाद्या मुलालाच एखाद्या जंतूचा इतका तडाखा का बसतो, याचं उत्तर कित्येकदा त्या एकाच जंतूविरुद्धच्या जनुकीय उणिवेत असतं. दुसरा फाटा गेला वस्तीकडे. गुड यांनी अस्थिमज्जा रोपण केलं त्याच 1968 साली जागतिक आरोग्य संघटनेने स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांचा पोषण आणि संसर्ग यांच्या नात्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. यातले कार्ल टेलर जन्माने भारतातले, आणि पंजाबातल्या नारंगवालमध्ये काम केलेले. उपासमार आणि संसर्ग एकमेकांना खतपाणी घालतात, दोन्ही मिळून जे मारतात ते दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त असतं, हा त्यांचा सिद्धान्त. कुपोषणात छातीतली थायमस ग्रंथी, जिथे टी-पेशी तयार होतात, आक्रसून जाते. जगात प्रतिकारशक्ती खालावण्याचं सर्वांत मोठं कारण आजही जनुक नाही, ताट आहे.

दोन्ही फाट्यांनी एकमेकांकडे फारसं पाहिलं नाही, याचा तोटा मुलांना झाला. प्रयोगशाळावाल्यांना कुपोषण हा सरकारचा विषय वाटला. वस्तीत काम करणाऱ्यांना जनुकं ही श्रीमंतांची चैन वाटली. प्रत्यक्षात दोघांना दिसलेलं चित्र एकच आहे. तीव्र कुपोषित मुलाला रक्तात जंतू भिनले तरी ताप येईलच असं नाही. ताप आणण्याची ताकदही शरीरात उरलेली नसते, उलट अंग गार पडतं. म्हणूनच अशा मुलात गुंतागुंत दिसली की तापाची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू करावं असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. गोवराचंही तसंच. गोवराची पुरळ हे विषाणूचं काम नसून विषाणूशी भिडणाऱ्या टी-पेशींचं आहे; ज्या मुलाकडे त्या पेशीच नाहीत त्याला पुरळ न उठताच गोवराचा न्यूमोनिया होऊ शकतो. ‘गोवर नीट बाहेर पडला पाहिजे’ अशी जी धास्ती आपल्या घरांत आहे, तिच्यामागचे तर्क भलतेच असले तरी निरीक्षण अगदीच पोकळ नाही, असं म्हणायचा मोह होतो. शिवाय गोवर निरोगी मुलाचीही जुनी कमाई पुसून टाकतो: नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांच्या 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोवरानंतर इतर जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी 11 ते 73 टक्के नाहीशी झालेली आढळली. तिसरा प्रवाह कर्करोगाच्या वॉर्डातून आला. रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी जितक्या खाली तितका संसर्गाचा धोका वर, हे बोडे यांनी 1966 मध्ये आकड्यांनिशी दाखवलं. त्यातून पुढे एक शिस्त पडली: केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला ताप आला तर कोणता जंतू आहे हे कळायची वाट पाहायची नाही, रुग्णालयात पाऊल ठेवल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू झालं पाहिजे. घड्याळाचा असा धाक बालरोगाच्या दुसऱ्या शाखांत फारसा नाही. तो असायला हवा, हे या पुस्तकाचं म्हणणं मला पटतं.

पुरावा हवा असेल तर दोन अभ्यास पुरेत. उत्तर अमेरिकेतल्या पंचवीस केंद्रांनी 2000 ते 2009 या काळात अस्थिमज्जा रोपण केलेल्या 240 बाळांचा हिशेब 2014 मध्ये मांडला. ही सगळी बाळं एससीआयडी म्हणजे अतितीव्र संयुक्त प्रतिकारदोष घेऊन जन्मलेली. साडेतीन महिन्यांच्या आत रोपण झालेल्यांपैकी 94 टक्के पाच वर्षांनी जिवंत होती. त्याहून मोठी, पण तोवर संसर्ग न झालेली 90 टक्के. संसर्ग होऊन बरा झालेली 82 टक्के. आणि संसर्ग चालू असताना रोपण करावं लागलं ती अवघी 50 टक्के. आजार तोच, उपचार तोच, डॉक्टरही त्याच तोडीचे. बदलली ती फक्त वेळ आणि मध्ये आलेला संसर्ग. दुसरा अभ्यास दक्षिण आफ्रिकेतला, 2008 चा: एचआयव्ही घेऊन जन्मलेल्या बाळांना लक्षणं दिसायची वाट न पाहता लगेच औषध सुरू केल्यावर मृत्यू 76 टक्क्यांनी घटले. एका आजारात जनुक बिघडलेलं, दुसऱ्यात विषाणू शिरलेला. उत्तर मात्र सारखंच निघालं.

मग वेळ नेमका कुठे जातो? महागड्या तपासण्यांच्या रांगेत जातो असं आपण धरून चालतो. माझ्या मते त्याचा मोठा भाग त्याच्या खूप आधी, पाच-दहा मिनिटांत वाचता येईल अशा कागदावर वाया जातो. भिवंडीतल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये होणारी साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, घ्या. तीन महिन्यांच्या बाळाचा रिपोर्ट आहे असं समजू: पांढऱ्या पेशी 6,000; लिम्फोसाइट 20 टक्के. शेजारच्या रकान्यात छापलेल्या ‘नॉर्मल’ मर्यादा आहेत 4,000 ते 11,000 आणि 20 ते 40 टक्के. दोन्ही आकडे मर्यादेत, कुठेही तारांकन नाही, कागद घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत जातो. पण त्या मर्यादा मोठ्या माणसाच्या आहेत. तान्ह्या बाळात लिम्फोसाइट निम्म्याहून अधिक असायला हवेत. सहा हजारांचे वीस टक्के म्हणजे बाराशे. या वयात ही संख्या तीन हजारांच्या खाली गेली की एससीआयडीची शंका घ्यावी, निदान तपासणी पुन्हा करावी. गुणाकार शाळेतला आहे, खर्च शून्य. अर्थात याच्या मर्यादाही पुस्तकात स्पष्ट आहेत आणि इथेही सांगायला हव्यात: तीव्र संसर्गात, कुपोषणात लिम्फोसाइट तात्पुरते घटतात, उलट या आजाराचे काही प्रकार असे आहेत की संख्या ठीक असते आणि पेशी कुचकामी असतात. तो आकडा निदान करत नाही, तो फक्त प्रश्न विचारतो. पण आज तो प्रश्नच छपाईखाली गाडला जातो. लहान मुलांच्या रिपोर्टवर वयानुसार मर्यादा छापायला लॅबना काय अडचण आहे, हे मला खरोखर कळलेलं नाही.

दुसरी खूण डाव्या दंडावर असते. आपल्याकडे जन्मल्याबरोबर बीसीजी टोचतात. दोन-तीन आठवड्यांनी तिथे फोड येतो, फुटतो, वाहतो आणि हळूहळू वण राहतो. ज्या बाळाकडे टी-पेशी नाहीत त्याचा तो फोड भरतच नाही, काखेत गाठ वाढत जाते, आणि लशीतला जिवंत जंतूच अंगभर पसरू शकतो. यावर एक रास्त आक्षेप येतो: मग जन्मतः बीसीजी देतोच कशाला? इंग्लंडने नवजात बालकांची एससीआयडी तपासणी आजमावताना 2021 मध्ये बीसीजी जन्मावेळेवरून 28 दिवसांवर ढकललीच ना? ढकलली, पण तिथे क्षयरोग आपल्यासारखा घरोघर नाही आणि अठ्ठाविसाव्या दिवशी बाळ हमखास परत येईल याची खात्री आहे. आपल्याकडे प्रसूतीनंतर माहेरी, तिथून सासरी, सासरहून नव्या गोदामाच्या गावी, असा प्रवास होणाऱ्या बाळाची जन्मवेळची लस हीच सर्वांत खात्रीची. क्षयाच्या मेंदूज्वरापासून आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून तान्ह्यांना वाचवणारी ही लस काही शे बाळांच्या धोक्यासाठी लाखोंना नाकारणं चूक ठरेल. आधीचं भावंड अशाच संसर्गाने गेलं असेल तर मात्र थांबावं, आधी तपासावं. बाकीच्यांसाठी लस द्यावी आणि नंतर दंड व काख पाहावी. आशाताई नवजात बाळाच्या घरी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या भेटी देतात, पुढे तिसऱ्या महिन्यात पुन्हा जातात. त्या भेटीत काखेला हात लावून पाहण्याला वेगळा निधी लागत नाही. काखेतली वाटाण्याएवढी गाठ निरोगी बाळांतही येते आणि जाते, हेही त्याच वेळी आईला सांगता येतं.

तिसरी गोष्ट केसपेपरवरच्या कौटुंबिक इतिहासाची. धोक्याच्या दहा खुणांची एक यादी जगभर वापरली जाते: वर्षात दोन न्यूमोनिया, वारंवार कान फुटणं, तोंडात न हटणारी बुरशी, वजन न वाढणं वगैरे. तिची पारख करणाऱ्या 2011 च्या ब्रिटिश अभ्यासात तीनच खुणा खऱ्या वजनदार ठरल्या: कुटुंबातला इतिहास, शिरेतून प्रतिजैविक द्यावं लागलेला गंभीर संसर्ग आणि वाढ खुंटणं. यातली वाढ खुंटणं ही खूण आपल्याकडे बोथट होते, कारण वजन न वाढणारी मुलं शेजारीपाजारीही असतात. उरतो कुटुंबाचा इतिहास, आणि तो विचारण्याची आपली रीत तोकडी आहे. घराण्याची चौकशी म्हणजे बापाकडची चौकशी. आडनाव, कुळ, काका, आजोबा. पण ब्रुटनचा आजार, एससीआयडीचा सर्वांत नेहमीचा प्रकार, हे एक्स गुणसूत्रावरून आईमार्फत मुलाकडे येतात. ते दिसणार आजोळी: आईचा एखादा भाऊ तान्हेपणी गेलेला, मावशीचा मुलगा दोन वर्षांच्या आत गेलेला. या मृत्यूंची नोंद कुठल्याच कागदावर नसते; सटवाईने तेवढंच लिहिलं होतं म्हणून घरात विषयही निघत नाही. दुसरीकडे आते-मामे भावंडांत लग्न होणाऱ्या घरांत आईबाप दोघांकडून एकच दोष येण्याची शक्यता वाढते, तिथे मुलगे-मुली दोघांनाही आजार होतो. ‘आजोळी कुणी लहानपणी गेलं का?’ हा एक प्रश्न ओपीडीत विचारला जावा, एवढ्यासाठीही हे पुस्तक लिहिलं गेलं असतं तरी मला ते सार्थ वाटलं असतं.

आता मोठ्या आक्षेपाकडे. जिथे कुपोषण, क्षय, गढूळ पाणी आणि एका खोलीत सहा माणसं हे रोजचं आहे, तिथे लाखात एखाद्या बाळाला होणाऱ्या जनुकीय आजाराची चर्चा ही चैन नाही का? आक्षेप खोटा नाही. पैसा मर्यादित आहे आणि पोषण आधी यायला हवं. पण त्याचा हिशेब अर्धवट आहे. अमेरिकेत नवजातांची तपासणी सुरू झाल्यावर एससीआयडीचं प्रमाण 58,000 जन्मांमागे एक निघालं, पूर्वीच्या अंदाजापेक्षा जास्त. तेच प्रमाण महाराष्ट्रातल्या दरवर्षीच्या अठरा-वीस लाख जन्मांना लावलं तर तीसेक बाळं होतात, देशात चारशेच्या आसपास; आणि हा पाचशेहून अधिक दोषांपैकी एकच गट. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इथे सुचवलेली प्रत्येक गोष्ट, वयानुसार सीबीसी वाचणं, काख पाहणं, आजोळ विचारणं, गार पडलेल्या मुलाला तापलेल्याइतकंच गंभीर मानणं, ही कुपोषित आणि एचआयव्हीबाधित मुलालाही तितकीच उपयोगी पडते. शिवाय ही मुलं वेगळी काढली तरी समाजाचं हित त्यांच्यापासून वेगळं काढता येत नाही. भारत 27 मार्च 2014 रोजी पोलिओमुक्त ठरला. पण प्रतिपिंडं न बनवू शकणाऱ्या मुलाच्या आतड्यात तोंडी लशीतला विषाणू दीर्घकाळ टिकून बदलत राहू शकतो. म्हणून परळच्या एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्राने अशा मुलांच्या शौचाचे नमुने तपासण्याचं काम हाती घेतलं. मुलावर बोट ठेवायला नव्हे, तर तशा मुलाला ओळखून उपचार मिळाले तरच विषाणूचा माग लागतो म्हणून.

वस्तीपातळीवर हे ओळखणं जमेल का, या शंकेला उत्तर गडचिरोलीने पूर्वीच दिलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळातला जंतुदोष मोजक्या लक्षणांवरून ओळखायला आणि त्यावर उपचार करायला शिकवलं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, आणि 2011 पासून देशभरच्या आशांच्या गृहभेटींमागे तोच अनुभव आहे. नवजात बाळ, त्यातही अपुऱ्या दिवसांचं, हे तात्पुरतं का होईना दुबळ्या प्रतिकारशक्तीचंच मूल असतं, हे लक्षात घेतलं तर गडचिरोलीचा प्रयोग या पुस्तकाच्या विषयाबाहेरचा नाही, त्याच्या मध्यभागी आहे.

उरलेले दोन आक्षेप थोडक्यात. या चर्चेने आईबाप घाबरतील आणि तपासण्यांचा बाजार भरेल, असं म्हणतात. बाजार आधीच भरला आहे. करोनानंतर ‘इम्युनिटी बूस्टर’च्या बाटल्या किराणा दुकानातही मिळू लागल्या. ज्याची प्रतिकारशक्ती ठीक आहे त्याला त्या लागत नाहीत, आणि ज्याची जन्मतःच नाही त्याला त्यांनी येत नाही. कधी घाबरायचं नाही हे नेमकं सांगणं, हाच त्यावर उतारा. दुसरा आक्षेप प्रतिजैविकांचा: लगेच औषध द्या म्हटलं तर प्रत्येक सर्दीला ते दिलं जाईल. आज नेमकं तेच होतंय, आणि त्याचं कारण मुलामुलांत फरक केला जात नाही हेच आहे. वीस जणांना न लागणारं सिरप आणि एकविसाव्याला लागणारं शिरेतलं इंजेक्शन मात्र दोन दिवस उशिरा, हा आपला नेहमीचा हिशेब.

हे सारं अंजूरच्या पत्त्यावरून का मांडावं? इतिहासात हे गाव गंगाजी नाईक अंजूरकरांमुळे आणि वसईच्या मोहिमेमुळे ओळखलं जातं. आज त्याच्या आसपासची भातशेती गोदामांखाली गेली आहे. गोदामांबरोबर मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून कुटुंबं आली, भाड्याच्या खोल्यांत राहिली, आणि कित्येक मुलांचं लसीकरणाचं कार्ड मूळ गावीच राहिलं. शहराची महापालिका आणि गावांची जिल्हा परिषद यांच्या हद्दीवर अशी मुलं कुणाच्या यादीत धरायची हा प्रश्न उरतोच. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत, मालेगावात आणि भिवंडीत गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा लस चुकलेल्या मुलांना शोधत घरोघर फिरावं लागलं आणि सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा मात्रा द्यायची वेळ आली. त्या उद्रेकात सर्वांत असुरक्षित कोण होतं? केमोथेरपीवरचं, स्टिरॉइडवरचं, प्रतिकारदोषाचं मूल, ज्याला गोवराची जिवंत लस देताच येत नाही. त्याचा बचाव शेजारच्या मुलांच्या दंडावर अवलंबून असतो. दुसरीकडे परळ इथून तीस-चाळीस किलोमीटरवर. हाफकिन, केईएम, वाडिया, टाटा आणि राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था ही सगळी ठिकाणं तिथे चालत फिरता येतील इतकी जवळ आहेत. या विषयाचा देशातला निम्मा इतिहास त्या टापूत घडला. इतक्या जवळ असूनही अंजूरचं मूल तिथे पोचतं ते आधी भिवंडीचं आयजीएम रुग्णालय, मग कळवा किंवा ठाणे, मग खासगी, अशी वळणं घेत. काशेळी-अंजूरफाट्याच्या वाहतुकीला दोष देणं सोपं आहे. पण कंटेनरांच्या रांगेत तासभर जातो, चुकीच्या निदानात महिने.

या पुस्तकातले लेख उपचारांची पाठ्यपुस्तकं नाहीत. औषधांच्या मात्रा त्यात नाहीत. त्या मुलाचं वजन करून डॉक्टरांनीच ठरवाव्यात. लेख लिहिताना डोळ्यांसमोर आहेत ते सामान्य डॉक्टर, आशाताई, अंगणवाडीसेविका, आणि ज्यांच्या घरात असं मूल आहे ते आईबाप. निदान झाल्यानंतरचं जगणं, महिन्याकाठी द्यावं लागणारं इम्युनोग्लोब्युलिन, कोणती लस द्यायची आणि कोणती टाळायची, शाळेत गोवर-कांजिण्यांची साथ आली तर काय करायचं, भावंडांची तपासणी, यांना त्यात पुरेशी जागा आहे. प्रयोगशाळा आणि वस्ती या दोन फाट्यांच्या भांडणात पुस्तक कुणाचीच बाजू घेत नाही, आणि ते मला आवडलं. फक्त अस्थिमज्जा रोपणाच्या खर्चावर त्याने आणखी रोखठोक लिहायला हवं होतं. केंद्राच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात एससीआयडी आहे, ठरावीक केंद्रांत 50 लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे, आणि केईएम हे त्यातलं एक केंद्र आहे. पण हा पैसा निदानानंतर मिळतो. अमेरिकेत 2008 मध्ये विस्कॉन्सिनने टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर प्रत्येक नवजात बाळाची एससीआयडी तपासणी सुरू केली आणि 2018 पर्यंत सगळी राज्यं त्यात आली. आपल्याकडे एचआयव्हीबाधित मातांच्या बाळांसाठी कागदावर वाळवलेला रक्ताचा थेंब तालुक्यातून प्रयोगशाळेकडे पाठवण्याची वाट घालून दिलेली आहे. त्याच वाटेने दुसरी तपासणी पाठवण्याचा देशव्यापी कार्यक्रम अजून नाही. तो येईपर्यंत बाळाच्या सीबीसीचा कागद, त्याची डावी काख आणि आजोळची चौकशी, एवढ्यावरच काम भागवावं लागणार आहे. पुस्तकाचा पहिला भाग त्यापासूनच सुरू होतो.